बंदरावर हॉर्न वाजवत नाहीत

मित्रांनो, शाळा सुटली की दप्तरं फेकून तुम्ही माझ्या हौद्यात चढता. कधी मला जहाज करता, कधी किल्ला. परवा तर तुमच्यातल्या एकीने माझं स्टेअरिंग धरून मला थेट गोव्याला नेऊन आणलं. मला बरं वाटतं. पण मी कोण, हे तुमच्यापैकी कोणी अजून विचारलेलं नाही. कोलशेतच्या बंदराकडे जो उतार जातो त्याच्या तोंडाशी, खाडीकडे नाक करून उभा असलेला मी एक जुना पिकअप आहे. माझे टायर बसले आहेत. खाऱ्या हवेने दारांना भोकं पाडली आहेत. बॉनेटखाली जिथे माझा जीव होता तिथे आता नुसती पोकळी आहे. तरी मला अजून ऐकू येतं, आणि मी काय ऐकतो तेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म पुण्याकडच्या एका कारखान्यात झाला. इंजिन पेट्रोलचं आणि लहानसं. लहान इंजिनाकडून मोठं ओझं ओढून घ्यायचं तर त्याला जास्त हवा पाजावी लागते. म्हणून माझ्या पोटात एक पंखा बसवला होता. बाहेर पडणाऱ्या धुराच्याच जोरावर तो गरगर फिरायचा आणि इंजिनात हवा कोंबायचा. त्याला टर्बो म्हणतात. त्या दिवसांत मी भलताच भाव खायचो. शेजारी उभ्या असलेल्या साध्या टेम्पोंकडे मी ढुंकूनही बघत नसे.

मला घेतलं मोरूने. मोरू कोलशेतचा कोळी, उंच, कमी बोलणारा. माजिवड्याच्या शोरूममधून त्याने मला झेंडूचा हार घालून बाहेर काढलं आणि घरी न नेता आधी इथे, या उतारावर आणलं. ओंजळीत खाडीचं पाणी घेतलं आणि माझ्या बॉनेटवर शिंपडलं. खारं पाणी म्हणजे पत्र्याला विष, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण गाडीची आणि खाडीची एकदा ओळख करून दिलेली बरी, असं तो त्याच्या बायकोला, जनीला म्हणाला. ती ओळख मी विसरलो नाही. खाडीही विसरली नाही, हे मला पुढे कळलं.

मग कामाची वर्षं सुरू झाली. चिंबोऱ्या, कोळंबी, बोय, सगळं बर्फात भरून आम्ही निघायचो. माजिवडा, कळव्याचा पूल, मुंब्रा बायपासचा चढ, शीळफाटा, आणि मग डोंबिवलीच्या खानावळी. चढावर बाकीच्या गाड्या धापा टाकायच्या. माझा पंखा रंगात यायचा आणि मी सगळं ओझं घेऊन सुसाट वर. जनी मोरूशेजारी बसायची आणि त्यांची मुलगी दक्षता मधे. पुढे दक्षता गाडी शिकली, तीही माझ्यावरच. माझा मागचा डावा दिवा तिनेच फोडला होता. तिने ते बापाला कधी सांगितलं नाही, मीही सांगितलं नाही.

दुसऱ्या वर्षी माझ्या हवेच्या पाइपला केसाएवढी चीर गेली. तेव्हापासून जरा रेस दिली की मी शिट्टी मारायला लागलो. लांब, बारीक, शेवटी किंचित वर चढणारी. माजिवड्याला इनासचं गॅरेज होतं. त्याने चीर दाखवली आणि पाइप बदलू का विचारलं. मोरू म्हणाला, "राहू दे रे. गाताय तं गाऊ दे." आणि काय गंमत, महिन्याभरात तो स्वतः ओठांनी हुबेहूब तशीच शिट्टी मारायला लागला. होडीतून परत येताना लांबूनच मारायचा. कोणती त्याची आणि कोणती माझी, हे फक्त जनीला कळायचं.

आता या उताराचं सांगतो. इथे पाच-सहा बायका मासळी निवडायला बसतात. तोंड पाण्याकडे, पाठ रस्त्याकडे, कारण होड्या पाण्याकडून येतात. गाडी मात्र मागे घेत खाली न्यावी लागते. मोरू तोंडाशी थांबून एकदाच रेस द्यायचा. माझी शिट्टी वाजली की मागे न बघता सगळ्या बायका उठायच्या, टोपल्या ओढून घ्यायच्या आणि वाट मोकळी करायच्या. बोलणंही थांबायचं नाही. हॉर्नची गरजच नव्हती. हॉर्न वाजला तो एकदाच, आणि तो मी वाजवला.

चार वर्षांपूर्वीच्या पौषातली सकाळ होती. धुकं इतकं, की समोरचा विजेचा खांब मला दिसेना. मोरू ओहोटीबरोबर होडी घेऊन जाळं बघायला गेला होता. भरती लागली तरी तो आला नव्हता. मग पाण्यावरून त्याची शिट्टी आली. वाट विचारणारी. जनी दक्षताला म्हणाली, "बाय, गाडी चालू कर. रेस दे. त्याला आवाजावर येऊ दे."

दक्षताने रेस दिली. मी वाजलो, तो वाजला. पुन्हा मी वाजलो, तो जरा जवळून वाजला. वल्ह्याचा आवाज आला असं जनी आजही सांगते. मग त्याची एक शिट्टी यायला उशीर झाला. फार नाही, दोन श्वास. दक्षता घाबरली. तिला वाटलं माझी शिट्टी कमी पडते आहे. तिने हॉर्न दाबला आणि दाबून धरला.

मित्रांनो, माझा हॉर्न मोठा होता. बंदरामागे तेव्हा नुकतेच टॉवर उभे राहिले होते. आवाज त्यांच्या भिंतींवर आपटला, पलीकडच्या तिवरांच्या झाडीवर आपटला, आणि धुक्यातून चहूबाजूंनी परत आला. पाण्यावरच्या माणसाला चारही दिशांना बंदर. दक्षताने हात काढला तेव्हा मोरूची शिट्टी भलत्याच बाजूने आली, लांबून. पुढची आणखी लांबून. त्यापुढची आलीच नाही.

चौथ्या दिवशी होडी नागल्याच्या बाजूला तिवरांत अडकलेली सापडली. तिच्यात डबा होता, टॉवेल होता. मोरू सापडला नाही.

जनीने दक्षताला एक शब्द सुनावला नाही. फक्त सगळ्या गावाला सांगितलं, "ह्या बंदरावर परत हॉर्न वाजवायचा नाय. कोनीच." गावाने ते पाळलं. बाहेरून पाणी घेऊन येणारा टँकरवालासुद्धा इथे आला की खिडकीतून हात बाहेर काढतो, हॉर्नला लावत नाही.

पुढची तीन वर्षं दक्षताने धंदा एकटीने ओढला. तिची मला कीव यायची. रस्त्यात ती रेडिओ मोठा करायची, म्हणजे माझी शिट्टी ऐकू येऊ नये. उताराच्या तोंडाशी मात्र रेस द्यावीच लागायची. तेव्हा ती दात आवळून डोळे मिटायची. आणि खाली जनी त्याच क्षणाची वाट बघत बसलेली असायची. तिची नजर काचबिंदूने जवळजवळ गेली होती. कोळंबी ती बोटांनी निवडायची. कानावर पडणारं जगच तिला उरलं होतं, आणि त्या जगात मी रोज एकदा वाजत होतो.

मग मी थकलो. गिअर अडकायचे, तळ गंजला, शीळफाट्याच्या गर्दीत दोनदा तापून बंद पडलो. नवी गाडी घ्यायची ठरली. मला घेऊनच दक्षता माजिवड्याच्या शोरूमला गेली. काचेच्या बाहेर उभा राहून मी सगळं बघत होतो. तिथल्या सौमित्र नावाच्या मुलाने तिच्यासमोर दोन पिकअप आणून उभे केले. एक माझ्याच जातीचा, टर्बोचा. दुसरी गाडी हायब्रिड, म्हणजे पोटात इंजिनही आणि बॅटरीवरची मोटरही.

"रूट काय तुमचा, मॅडम?" सौमित्रने विचारलं.

"कोलशेत ते डोंबिवली. शीळफाट्यावरून."

"मग हायब्रिडच घ्या. माजिवड्याला जाम, शीळफाट्याला जाम. तिथे इंजिन बंदच राहील, गाडी बॅटरीवर सरकेल. टर्बो तिथे नुसता पेट्रोल पीत बसतो. हां, मुंब्र्याच्या चढाला फुल लोड असेल तर टर्बोची मजा वेगळी, ते मी नाकारत नाही."

"आवाज किती करते ही?"

"आवाज कसला? चालू केलीय हेच कळत नाही."

"मग हीच," दक्षता म्हणाली.

सौमित्रने ती हायब्रिड चालू करून दाखवली. दिवे लागले. श्वास नाही, थरथर नाही, धूर नाही, आणि ती चालायला लागली. मेलेलं माणूस उठून चालावं तशी. आवारात थांबली तेव्हा गप्प, मग कोणी हात न लावता तिच्या आत काहीतरी जागं झालं, गुरगुरलं आणि पुन्हा निजलं. मी इतकी वर्षं रस्त्यावर काढली, पण गाडीची भीती मला पहिल्यांदा वाटली.

जनी ऐकेना. तिला टर्बोच हवा होता. म्हणून मंगळवारी टर्बोची गाडी ट्रायलला इथे आली. जनीने तिच्या बॉनेटला कान लावला, दक्षताने रेस दिली. जनी मागे सरली. "ही शिट्टी मारत नाय."

इनास बरोबर आला होता. तो म्हणाला, "नवी गाडी हाय, जनीबाय. पाइपला चीर नाय, तं शिट्टी कुठून मारंल?"

"मंग आपल्या गाडीचा पाइप तिला बसव."

इनासने डोकं खाजवलं. पण जनीला नाही म्हणणं त्याला कधी जमलं नाही. गुरुवारी संध्याकाळी त्याने माझा पंखा आणि पाइप दोन्ही उतरवले आणि मापाला घेऊन गेला. बॅटरीही नेली. उघड्या तोंडातून उंदीर शिरू नयेत म्हणून तिथे एक कोरडा फडका कोंबला. बॉनेट लावलं आणि माझ्यावर दोनदा थोपटून गेला. त्या क्षणापासून मी मुका झालो.

मायलेकी माझ्याशेजारीच उभ्या होत्या. दक्षता म्हणाली, "आई, मला तो आवाज नकोय गं. रोज उतारावर रेस देते ना, मला शिट्टी नाही, हॉर्नच ऐकू येतो."

"मना ठाव हाय."

"मग कशाला हट्ट करतेस?"

जनीने माझ्या दारावरून हात फिरवला. "तुना नको हाय त्यो आवाज. मना त्यो येवढाच हाय."

मला दोघींचंही पटत होतं, आणि त्याचा उपयोग कुणालाच नव्हता.

दक्षतानेही हट्ट सोडला नव्हता, शुक्रवारी हायब्रिडची ट्रायल होती. गाडी मागे घेताना जे टुंटुं वाजतं ते दक्षताने सौमित्रकडून आदल्या दिवशीच बंद करून घेतलं होतं. "आमच्या बंदरावर वाजवत नाहीत," एवढंच तिने कारण दिलं. तो हसायला गेला, तिचा चेहरा बघितला आणि त्याने मुकाट्याने तार काढली.

सकाळचे सहा वाजले होते. धुकं होतं, त्या दिवशीइतकं दाट नाही, खालचं जेमतेम दिसेल एवढं. इनास पिशवी घेऊन चिंबोऱ्या न्यायला आलेला, माझ्या बाजूलाच उभा होता. खाली बायका बर्फ फोडत होत्या. जनी सगळ्यांच्या मधे, आपल्या पाटावर, पाठ आमच्याकडे करून. हायब्रिड माझ्या शेजारून गेली आणि मलाही ती दिसल्यावरच कळली. तोंडाशी ती थांबली. सवयीने दक्षताचा पाय एकदा दबला, रेस द्यायला दबायचा तसा. काहीच वाजलं नाही. पण पायाने आपलं काम केलं होतं, आणि तिच्या मनाने धरलं की झालं, बायका उठल्या असतील. इतक्या वर्षांत त्या न उठल्याचं कधी झालंच नव्हतं. मागचं दाखवणाऱ्या पडद्यावर धुक्याचे थेंब होते. ती गाडी मागे घेत खाली निघाली.

एकही बाई उठली नव्हती.

मला ओरडायचं होतं. माझ्याकडे ओरडायला काही नव्हतं. इनासने पाहिलं, त्याने तोंड उघडलं, पण बर्फाच्या खडखडाटात त्याचा आवाज कुठे पोचणार?

आणि शिट्टी वाजली.

लांब, बारीक, शेवटी किंचित वर चढणारी. बायकांचे हात आपोआप टोपल्यांकडे गेले. सगळ्या उठल्या, बाजूला झाल्या. जनी उठली, सवयीची दोन पावलं सरकली. पुढच्या क्षणी हायब्रिडचं मागचं चाक तिच्या पाटावर चढलं आणि लाकूड कडकन मोडलं. दक्षता दार उघडून धावली. तिने मोडलेला पाट पाहिला, शेजारी उभी असलेली आई पाहिली. ती ओल्या उतारावर तिथेच बसली.

"आपली गाडी कोनी चालू केली?" जनीने विचारलं.

सगळ्यांनी वर माझ्याकडे बघितलं. इनासने माझं बॉनेट उघडलं. फडका होता तिथेच होता. त्याने तो ओढून काढला, तर त्यातून पाणी गळायला लागलं. त्याने ते बोटाला लावून चाखलं आणि त्याचा हात छातीवर क्रूस काढायला गेला.

"खारा हाय," तो म्हणाला. मग खाली बघून दक्षताला म्हणाला, "पंखा माझ्या टेबलावर हाय गो. माजिवड्याला. आत्ता येताना बघून आलंय मी."

"वरून नाय आली शिट्टी," जनी शांतपणे म्हणाली. "पाण्याकडून आली."

ती खरं सांगत होती. मी वर उभा आहे. मी वाजलो असतो तर आवाज बायकांच्या पाठीमागून आला असता. तो त्यांच्या तोंडासमोरून आला होता.

दक्षता रडत होती. "मी परत तेच केलं असतं, आई. आधी बाबा, आता तू."

"पन झाला नाय ना." जनी चाचपडत तिच्याजवळ बसली, तिचं डोकं मांडीवर घेतलं. तीन वर्षांत पहिल्यांदाच त्या दोघी त्या सकाळबद्दल उघड बोलत होत्या. "त्या दिवशी रेस दे म्हनून मीच सांगितलेला. तुझ्या एकटीचा दोस नाय काय तो."

"नको ही गाडी. टर्बो घेऊ. इनास अंकल बसवतील पाइप."

"नाय. हीच घे."

दक्षताने मान वर केली.

"तीन वरसा आपली गाडी येवढी वाजत होती," जनी म्हणाली, "त्यात त्याची शिट्टी कवा ऐकाला येनार? आज तुझी गाडी गप होती. म्हनून ऐकाला आली."

"आणि मी आले ते बायकांना कसं कळणार?"

"त्याचीच पोर हायस ना? ओठ हायत ना तुना?"

असं ते ठरलं, मित्रांनो. सौमित्रला फोन गेला आणि हायब्रिड घरी आली. तिच्याशी माझं आता वैर नाही. शीळफाट्याच्या गर्दीत ती गप्प सरकते, दक्षताचं डोकं शांत राहतं, मुंब्र्याच्या चढाला तिला थोडा दम लागतो तेवढाच. मला भंगारात द्यायचं जनीने नाकारलं. खाडीकडे नाक करून इथेच उभं केलं.

रोज सकाळी दक्षता उताराच्या तोंडाशी थांबते, काच खाली करते आणि ओठांनी शिट्टी मारते. पहिल्या आठवड्यात नुसती हवा निघायची आणि बायका हसून लोटपोट व्हायच्या. आता तिची शिट्टी बापाच्या वळणावर गेली आहे. बायका उठतात, वाट देतात, मग ती गाडी मागे घेते. तुम्ही मोठे झालात की तुमच्याही हातात अशा गप्प गाड्या येतील. घ्या खुशाल. पण पाठ करून बसलेली माणसं आपल्याला ओळखतात ती आवाजावरून, एवढं ध्यानात ठेवा. त्यांना आधी कळू द्या आणि मगच मागे या.

आणखी एक मागणं आहे. दक्षता शिट्टी एकदाच मारते. मला दोन ऐकू येतात. दुसरी पाण्यावरून येते. बाकीच्यांना तो टॉवरवरून येणारा पडसाद वाटतो, पण जनी तेव्हा हातातली कोळंबी तशीच धरून थांबते. गेल्या पौषात ती दुसरी शिट्टी तिवरांच्या पलीकडून यायची. पावसाळ्यात अलीकडून यायला लागली. आता धुक्याचे दिवस पुन्हा सुरू झालेत, आणि परवापासून तिच्या मागोमाग वल्ह्याचा आवाज येतो.

परवा गोव्याला जाताना तुमच्यातल्या त्या मुलीचा हात माझ्या हॉर्नवर गेला होता. बॅटरी नाही, तारा कुजल्यात, हा काय वाजणार, असं तुम्ही म्हणाल. पंखाही नव्हता, मित्रांनो, तरी शिट्टी वाजलीच. माझ्यात खेळा, उड्या मारा, स्टेअरिंग फिरवा, मला कुठेही न्या. तो हॉर्न तेवढा दाबू नका. मोरू अगदी जवळ आला आहे.